डोळे मिटले की तोल का जातो?

पत्र : मी अकोल्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय ४१. सहा वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचे निदान झाले. औषधे नियमित चालू आहेत आणि गेल्या दोन वर्षांत नवा रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, आलेला नाही. तरीही गेल्या सहा महिन्यांत मी चार वेळा पडले. एकदा न्हाणीघरात तोंडाला साबण लावलेला असताना, एकदा शाळेच्या व्हरांड्यात मागून एका मुलीने ‘बाई’ अशी हाक मारली तेव्हा, एकदा एप्रिलमध्ये भर दुपारी घरी येऊन लगेच स्वयंपाकाला लागले तेव्हा, आणि एकदा न्हाणीघराबाहेरच्या पायपुसण्यात पाय अडकून. एमआरआयमध्ये नवे काही नाही, असे डॉक्टर सांगतात. सासूबाई म्हणतात, पडण्यापेक्षा बसून राहिलेले बरे. पायांत ताकद आहे, मग तोल का जातो? व्यायामाने तो सुधारतो का? आणि मी काठी घेतली तर वर्गातली मुले काय म्हणतील?
– एक वाचक, अकोला

ताई,

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ‘मी वारंवार पडते’ एवढेच लिहिणारी पत्रे पुष्कळ येतात आणि त्यांना उत्तर देणे अवघड जाते. तुम्ही मात्र प्रत्येक वेळी नेमके काय करत होता ते लिहिले, आणि ते वाचताना असे लक्षात येते की तुमच्या चार पडण्यांना एक नव्हे, चार निरनिराळी कारणे आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, न्यूरॉलॉजिस्ट नाही, त्यामुळे औषधांविषयी लिहिताना हात आखडता घेईन. पण तोल हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे, आणि तो सुधारतो का या प्रश्नाला माझे उत्तर ‘हो, पण योग्य तोच सराव केला तर’ असे आहे.

आधी पायांच्या ताकदीविषयी. उभे राहणे ही ताकदीइतकीच खबरबातीची गोष्ट आहे. आपण सरळ उभे आहोत की कललो आहोत, हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळते : डोळ्यांकडून, कानाच्या आतील भागातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाकडून, आणि तळपाय, घोटे व गुडघे यांच्याकडून. यांपैकी पायांकडून येणारी खबर सर्वांत लांबचा प्रवास करते, कारण तिला तळव्यापासून निघून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून थेट मेंदूपर्यंत यायचे असते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरील मायलिनच्या वेष्टणावर हल्ला करते, आणि वाट जितकी लांब तितकी तिच्यावर कुठे ना कुठे व्रण पडण्याची शक्यता अधिक. वेष्टण झिजलेल्या तंतूतून संदेश जातो, पण रेंगाळत जातो. शरीर कलले आहे ही खबर मेंदूला मिळून त्याने घोट्याच्या स्नायूंना हुकूम सोडेपर्यंत जो क्षणभराचा उशीर होतो, त्यात तोल गेलेला असतो. पाय मजबूत असूनही माणूस पडतो तो असा. तुमच्या एमआरआयमध्ये नवे काही नाही ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु जुने व्रण आपले काम करत राहतात, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

आता न्हाणीघराकडे वळू. पायांची खबर उशिरा येऊ लागली की मेंदू हळूहळू डोळ्यांवर भिस्त ठेवू लागतो. हे इतके सावकाश घडते की माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि मग एके दिवशी तोंडाला साबण लावल्यामुळे डोळे मिटावे लागतात आणि जमीन सरकल्यासारखी होते. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमधील डॉक्टर मोरिट्झ रोंबर्ग यांनी हीच गोष्ट हेरली होती; पाय जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा, ही त्यांच्या नावाने ओळखली जाणारी तपासणी तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनी तुमच्यावर नक्कीच केलेली असेल. देवापुढे हात जोडून डोळे मिटल्यावर, डोक्यावरून सदरा काढताना किंवा अचानक वीज गेल्यावर अंधारात तुम्ही डगमगता का, हे या आठवड्यात पाहा. उत्तर ‘हो’ असेल, असा माझा कयास आहे.

यावर दोन प्रकारे काम करावे लागते, आणि लोक सहसा त्यातले एकच करतात. पहिले काम म्हणजे डोळे मिटण्याच्या जागी धोका कमी करणे. उभ्याने अंघोळ आजपासून बंद करा आणि रुंद, न सरकणाऱ्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून करा. बादली जमिनीवर न ठेवता दुसऱ्या स्टुलावर ठेवली की वाकावे लागत नाही. भिंतीत पक्का रोवलेला स्टीलचा दांडा बसवून घ्या, कारण टॉवेलची दांडी किंवा नळ माणसाचे वजन पेलत नाही आणि घाबरलेला हात नेमका तिथेच जातो. रात्री शौचास जाण्याच्या वाटेवर छोटा दिवा जळता ठेवा. या आजारात लघवीची घाई होणे नेहमीचे आहे, आणि अंधार अधिक घाई यांतून पडणारी माणसे मी बरीच पाहिली आहेत; तुम्हाला तो त्रास असेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत.

दुसरे काम म्हणजे पायांकडून येणारी जी काही क्षीण खबर शिल्लक आहे, ती ऐकायला मेंदूला शिकवणे. मायलिन व्यायामाने परत येत नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. पण उपलब्ध माहितीचा अधिक चांगला उपयोग मेंदू शिकू शकतो. स्वित्झर्लंडमधील हायडन या गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाइनरिश फ्रेंकेल नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या एका रुग्णाला बोट नाकाच्या टोकाला नीट लावता आले नाही. रोग निराळा होता, पण दुखणे हेच, म्हणजे अवयवांकडून येणारी खबर हरवलेली. काही महिन्यांनी तो रुग्ण परत आला तेव्हा बोट बरोबर लागू लागले होते. तपासणीत नापास झाल्याचे त्याला इतके लागले होते, की पुढच्या वेळी पास होण्यासाठी त्याने घरी बसून सराव केला होता! फ्रेंकेल यांनी त्यातून व्यायामांची एक पद्धतच उभी केली आणि ती आजही आम्ही वापरतो. नापास विद्यार्थ्याच्या जिद्दीतून निघालेला हा उपचार तुमच्यासारख्या शिक्षिकेला आवडेल असे वाटते.

सराव असा करा. घरातील दोन भिंतींच्या कोपऱ्यात, पाठ कोपऱ्याकडे करून उभ्या राहा आणि समोर एक जड खुर्ची तिची पाठ तुमच्याकडे येईल अशी ठेवा. मागे भिंती, पुढे खुर्ची. पडायला जागाच उरत नाही, त्यामुळे मन निर्धास्त राहते. पाय खांद्याइतके फाकवून ३० सेकंद उभे राहा. जमले तर पाय जुळवा. तेही जमले तर एक पाय अर्ध्या पावलाने पुढे घ्या, आणि पुढे कधीतरी एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावून, एका रेषेत उभे राहण्यापर्यंत जा. यातील प्रत्येक पायरी उघड्या डोळ्यांनी पक्की झाली की तीच डोळे मिटून करायची, आणि डोळे मिटूनही जमू लागली की पायांखाली गोधडीची चौपदरी घडी घालून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. गोधडी एवढ्यासाठी, की मऊ पृष्ठभागावर घोट्यांना सतत बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात.

आता यातली मेख. ३० सेकंद तुम्ही खांबासारख्या स्थिर उभ्या राहिलात, तर ती पायरी तुमच्यासाठी सोपी झाली आहे आणि तिथे वेळ घालवण्यात अर्थ नाही. दर पाच सेकंदांनी खुर्ची धरावी लागत असेल, तर ती अवघड आहे. शरीर डुलते, घोटे थरथरतात, पण हात खुर्चीपर्यंत जाऊन न धरताच परत येतो, अशी जी मधली जागा आहे तिथेच शिकणे घडते. माझा अनुभव असा, की घरी व्यायाम करणारी बहुतेक माणसे जे जमते तेच महिनोन्‌महिने करत राहतात आणि मग फरक पडत नाही म्हणून सोडून देतात. रोज १० ते १५ मिनिटे, आठवड्यातून चार-पाच दिवस, निदान दोन महिने, एवढा हिशेब धरा. पहिल्या दोन-तीन वेळा मात्र हे सारे जवळच्या फिजिओथेरपिस्टच्या देखत करा आणि घरी करताना कोणीतरी हाकेच्या अंतरावर असू द्या. याच्या जोडीला हात न टेकता खुर्चीवरून उठणे आणि अतिशय सावकाश बसणे, १० वेळा. धपकन बसणे हा व्यायाम नव्हे.

व्हरांड्यातले पडणे यापेक्षा वेगळे आहे. तिथे डोळे उघडे होते. पण हाक ऐकून तुम्ही मान झटकन वळवली, शरीर तिच्यामागे वळले, पाय जागीच राहिले, आणि त्याच क्षणी मन त्या मुलीला काय उत्तर द्यावे याकडे गेले. निरोगी माणसाचे चालणे आपोआप चालते. तुमच्या चालण्याला मेंदूचे थोडे लक्ष सतत द्यावे लागते, आणि ते लक्ष दुसरीकडे वळले की पाय पोरके होतात. तुमचा व्यवसाय या दृष्टीने मोठा अवघड आहे. फळ्यावर लिहिताना हात वर, नजर वर, तोंडाने बोलणे चालू, आणि मग तशाच बोलत बोलत वर्गाकडे वळणे : तोल घालवणाऱ्या एवढ्या गोष्टी एका ठिकाणी मला क्वचितच सापडल्या असत्या. म्हणून एक नवी सवय लावून घ्या. लिहिणे संपवायचे, हात खाली आणून टेबलाच्या कडेवर टेकायचा, दोन-तीन लहान पावले टाकत आधी पायांनी वळायचे, शेवटच्या बाकावरील एका चेहऱ्यावर नजर स्थिर करायची आणि मगच बोलायचे. मागून हाक आली तर आधी थांबायचे, मुले थांबतात.

हे झाले सांभाळणे. सरावात मानेच्या हालचालीही आणाव्या लागतील. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील एका तारखेवर नजर रोखून, तो आकडा पुसट होऊ न देता मान डावीकडे-उजवीकडे आणि नंतर वर-खाली फिरवा. आधी बसून, मग उभ्याने. सुरुवातीला थोडे गरगरेल आणि ते अपेक्षित आहे, परंतु एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या किंवा नजर आपोआप हलू लागली तर तो व्यायाम थांबवून डॉक्टरांना सांगा. आणि पुढे चालणे बऱ्यापैकी स्थिर झाले की भिंतीलगत चालता चालता पाढे म्हणा. बेचा नको, तो तोंडपाठ असल्याने मेंदूला काहीच कष्ट पडत नाहीत. एकोणतीसचा म्हणा, आणि तोही पाठ असेल तर शेवटाकडून उलटा म्हणा. चालणे आणि विचार ही दोन कामे एकाच वेळी करायला शिकवावी लागतात आणि ती शिकवता येतात.

तिसरे पडणे उन्हाचे. एप्रिलमध्ये अकोल्याचा पारा चाळिशी ओलांडतो, हे मी तुम्हाला काय सांगावे. वेष्टण झिजलेला मज्जातंतू उष्णतेला फार हळवा असतो, आणि शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी जेमतेम जाणारा संदेश मधेच अडू शकतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये शारीरिक श्रमानंतर काही रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, असे नोंदवले होते. त्यामागे उष्णता आहे हे नंतर कळले. यातली दिलासा देणारी बाब अशी, की अंग निवले की लक्षणेही ओसरतात आणि मज्जातंतूंचे नवे नुकसान झालेले नसते. तेव्हा उन्हातून आल्यावर थेट ओट्यापाशी उभे न राहता पंख्याखाली २० मिनिटे बसा, गार पाणी प्या, ओला पंचा मानेभोवती ठेवा. शाळेला निघण्यापूर्वीही गार पाणी पिऊन निघा, अंघोळीला कडकडीत पाणी घेऊ नका, आणि तोलाचा सराव सकाळी लवकर करा, कारण दुपारचा थकवा हा या आजाराचा स्वभावच आहे. तापानेही हेच होते. अचानक चालणे बिघडले आणि अंगात कणकण असेल तर आधी मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची तपासणी करून घ्यावी. ताप नाही, ऊन नाही आणि तरीही नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले, तर मात्र रिलॅप्सची शक्यता गृहीत धरून न्यूरॉलॉजिस्टना लगेच कळवा.

पायपुसण्याबद्दल थोडक्यात. तुमच्या रोजच्या चपला उलट्या करून पाहा. एका चपलेचा पुढचा भाग दुसरीपेक्षा जास्त झिजलेला असेल, तर त्या पायाचा चवडा पुरेसा उचलला जात नाही आणि तो घासत जातो, असे समजा. त्यासाठी घोट्याला आधार देणारा हलका पट्टा मिळतो. तो मापाने घ्यावा लागतो, दुकानातून तयार उचलून आणू नये. अंगठ्याच्या सैल चपलांऐवजी मागे पट्टा असलेल्या सपाट सँडल वापरा. साडी नेसत असाल तर निऱ्या बोटभर वर घ्या.

न्यूरॉलॉजिस्टना पुढच्या भेटीत दोन गोष्टी विचारा. शरीरातील बी-१२ जीवनसत्त्वाचे प्रमाण अलीकडे तपासले आहे का? त्याच्या कमतरतेनेही पायांकडून येणारी खबर नेमक्या त्याच वाटेवर अडते, आपल्याकडे शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास आढळते, आणि ती गोळ्या-इंजेक्शनांनी भरून काढता येते. दुसरे, पायांच्या ताठरपणासाठी तुम्हाला बॅक्लोफेन दिले असेल तर त्याची मात्रा योग्य आहे का? कधी कधी तो ताठरपणाच माणसाला उभे ठेवत असतो आणि औषध जास्त झाले की पाय ढिले पडतात. गोळी स्वतःहून मात्र बंद करू नका; बॅक्लोफेन एकाएकी थांबवणे धोक्याचे असते.

सासूबाईंचे म्हणणे काळजीपोटी आहे, आणि एकेकाळी डॉक्टरही हेच सांगत असत. श्रमाने आजार बळावेल या भीतीने मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना विश्रांतीच सांगितली जाई. १९९६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांनी १५ आठवडे नियमित व्यायाम केला आणि त्यांची शारीरिक क्षमता वाढल्याचे दिसले. त्यानंतरच्या संशोधनानेही व्यायामाने रिलॅप्स वाढत नाहीत हेच दाखवले आहे. बसून राहिल्याने पडणे काही काळ टळते, पण मांड्या सुटतात, घोटे आखडतात, आणि वर्षभराने माणूस अधिक सहज पडतो. सासूबाईंना हे समजावून सांगण्यापेक्षा त्यांना एक काम द्या : तुम्ही पडलात तर काय करायचे, ते दोघींनी मिळून एकदा शिकून घ्या. घरची माणसे घाबरून काखेत हात घालून ओढतात आणि त्यात खांदा दुखावतो, कधी दोघीही पडतात. त्याऐवजी आधी मिनिटभर पडूनच राहा, कुठे लागले आहे का ते पाहा. मग कुशीवर वळा, हात टेकून ओणव्या व्हा, रांगत पलंगापर्यंत जा, दोन्ही हात पलंगावर टेका, जो पाय बळकट आहे त्याचे पाऊल पुढे रोवा आणि उठा. सासूबाईंनी फक्त खुर्ची मागे आणून ठेवायची. गादीवर हे तीन-चार वेळा करून पाहिले, की पडण्याची भीती किती कमी होते याचे तुम्हालाच नवल वाटेल; आणि भीतीने आखडलेले शरीर अधिक पडते, हे तर मी रोज पाहते. डोक्याला मार लागला किंवा पायावर भार देता येईना, तर मात्र उठवण्याच्या भानगडीत न पडता दवाखाना गाठावा.

राहिली काठी. ती जरूर घ्या, निदान शाळेसाठी आणि बाजारासाठी. काठीचे टोक जमिनीला टेकते तेव्हा तुमच्या हाताला जमिनीची खबर मिळते, आणि हाताकडून मेंदूपर्यंतची वाट पायापेक्षा कितीतरी जवळची आहे. म्हणजे काठी नुसते वजन पेलत नाही, ती बातमीही आणते. हात सैल सोडून उभे राहिल्यावर मनगटाच्या घडीपाशी मूठ येईल एवढी तिची उंची असावी, टोकाला रबरी बूच असावे आणि ते गुळगुळीत झाले की बदलावे. काठी धरायची ती कमजोर पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना बळकट पाय आधी, उतरताना काठी आणि कमजोर पाय आधी. दुसरा हात कठड्यावर.

मुले काय म्हणतील? पहिल्या दिवशी बघतील. हजेरी घेण्यापूर्वी त्यांना एका वाक्यात सांगून टाका की माझ्या पायांचा निरोप डोक्यापर्यंत उशिरा पोहोचतो, म्हणून ही सोबत. आणि गणिताला लागा. काठी नसताना तुम्ही झोकांड्या खात चालता ते त्यांनी आधीच पाहिलेले आहे, आणि त्याचा अर्थ ती आपल्या परीने लावतच असतील. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर तो तळमजल्यावर मागायला संकोचू नका. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी समावेश आहे, आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. याच आजाराशी झुंजणाऱ्या इतरांशी बोलावेसे वाटले तर १९८५ पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था आहे. तिच्या शाखा मुंबई आणि पुण्यात आहेत.

कोपऱ्यातला सराव सुरू करण्यापूर्वी, पाय जुळवून आणि डोळे मिटून तुम्ही किती सेकंद उभ्या राहू शकता, तो आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा, आणि आठ आठवड्यांनी पुन्हा मोजून मला कळवा. आणि न्हाणीघराबाहेरचे ते पायपुसणे आज संध्याकाळीच उचला.